चाळीस फुटांचा उजेड

दिवा इतका जवळ नको, डोळ्यांवर येतो. जरा मागे सरकवा... अजून थोडा. हं, आता तुमचे चेहरे दिसतात. उजेड फार जवळ आला की त्याच्याशिवाय दुसरं काही दिसतच नाही. हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी माझ्या मुलीने शिकवलं, आणि मी ते चार रविवारांत शिकले. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या सिस्टर अजून मोबाइलवरून साधा फोटो पाठवायचा तरी नातवंडांना हाका मारतात. मी मारत नाही. वीज येईपर्यंत बसलाच आहात, तर ऐका.

काम साधंच होतं. आमच्या हॉस्पिटलची जुनी इमारत पाडायची ठरली होती आणि पाडण्याआधी तिच्यावर एक पुस्तिका काढायचं ऑफिसने मनावर घेतलं होतं. प्रत्येक वॉर्डचा एक फोटो आणि खाली दोन ओळी. हेडक्लार्कने फोन करून माझ्याकडे सात नंबर वॉर्डबद्दलच्या ओळी मागितल्या.

"ओळी देते," मी म्हटलं, "पण फोटोही मीच काढणार."

"सिस्टर, फोटोग्राफर येणार आहे ना..."

"त्याला बाकीचे वॉर्ड द्या. सात नंबर माझा आहे."

आणि होताच तो माझा. चोवीस वर्षं मी त्या वॉर्डची इन्चार्ज होते. अजूनही रस्त्यात लोक मला 'सातवाल्या सिस्टर' म्हणूनच हाक मारतात. माझ्या वॉर्डात चादरीवर सुरकुती खपायची नाही. मोठे डॉक्टरसुद्धा राउंडला येताना दारातल्या पायपुसण्यावर बूट घासून आत यायचे, कारण एकदा मी त्यांना सगळ्यांसमोर परत पाठवलं होतं. पण हे कोणीही शिस्तीची बाई करू शकते. माझा खरा अभिमान वेगळ्या गोष्टीचा होता. सात नंबरमध्ये कोणी एकटं मरायचं नाही.

तशी रीतच मी घालून दिली होती. एखाद्या पेशंटचं आता काही खरं नाही असं दिसलं, की त्याच्या कॉटशेजारी लाकडी स्टूल ठेवायचं. स्टूल ठेवलं की त्यावर कोणीतरी बसायचं. मी, दुसरी सिस्टर, मावशी, झाडूवाला, ज्याचे हात रिकामे असतील तो. पेशंटचा हात हातात घ्यायचा आणि शेवटपर्यंत उठायचं नाही. बोललं नाही तरी चालेल. बाकीच्या वॉर्डांनी आधी आमची टिंगल केली आणि मग गुपचूप स्टोअरमधून स्वतःसाठी स्टुलं मागवली. माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात मोठ्या डॉक्टरांनी माइकवर सांगितलं, "चोवीस वर्षांत सात नंबरमध्ये एकही माणूस एकटा गेला नाही." टाळ्या थांबेनात. मी मान ताठ ठेवून ऐकून घेतलं. पुस्तिकेसाठीही मी तीच ओळ लिहून दिली.

आता कॅमेऱ्याचं सांगते. माझी मुलगी दातांची डॉक्टर आहे, दुसऱ्या गावात तिचा दवाखाना आहे. उपचाराआधी आणि नंतर ती पेशंटच्या दातांचे फोटो काढते, त्यामुळे फ्लॅश म्हणजे तिच्या हातचा मळ आहे. मी रिटायर झाले तेव्हा तिने तिचा जुना डिजिटल कॅमेरा मला दिला आणि रविवारी येऊन शिकवायला लागली. पहिल्या रविवारी मी तिचा फोटो काढला तर नाक-डोळे जाऊन नुसता पांढरा गोळा आला. मी म्हटलं, तुझा कॅमेरा बिघडलाय. ती पोट धरधरून हसली.

"आई, फ्लॅश म्हणजे पेशंटवर ओरडणं नाही. जितका लागतो तितकाच द्यायचा. दातावर जास्त उजेड टाकला ना, तर दात छान चमकतो आणि कीड दिसतच नाही."

मग तिने मला फ्लॅशचा मेन्यू दाखवला. तिथे फ्लॅशची ताकद हाताने ठरवता येते. पूर्ण, अर्धी, पाव, आठवा भाग, सोळावा भाग. मला ते लगेच पटलं. सलाइनच्या नळीवरचं चाक फिरवून थेंब कमी-जास्त करण्यात माझा जन्म गेलाय, त्यातलंच हे. दुसऱ्या रविवारी तिने अंतराचं गणित सांगितलं. वस्तू दुप्पट लांब गेली की तिच्यावर पडणारा उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. तिप्पट लांब, तर नववा भाग. म्हणून फ्लॅशच्या फोटोत पुढचं पांढरं पडतं आणि मागचं काळं राहतं. तिसऱ्या रविवारी उपाय सांगितला. फ्लॅश उतरवायचा आणि शटर सावकाश ठेवायचं, म्हणजे पुढचं जळत नाही आणि खोलीचा स्वतःचा उजेड मागचंही दाखवतो. चौथ्या रविवारी तिने माझी परीक्षा घेतली. मी एकही चूक केली नाही. तिने फोनवर तिच्या नवऱ्याला सांगितलेलं मी ऐकलं, "आमच्या आईचा हात कसला स्थिर आहे, बघशील तर चाट पडशील." तो दिवस मला निरोपाच्या टाळ्यांपेक्षाही गोड गेला.

तर बुधवारी, दुपारी दीड वाजता, जेवण उरकून मी जुन्या इमारतीत पोचले. बाहेर ऊन रणरणत होतं. वॉचमन नवा होता, मला ओळखत नव्हता. त्याने कुलूप काढलं आणि दार ढकललं.

"बाई, लाइट तोडलेत. खिडक्यांच्या काचा काढून प्लायवूड ठोकलंय. आत दिवसाही काही दिसत नाही."

"मला दिसण्याची गरज नाही," मी म्हटलं. "कुठे काय आहे ते पाठ आहे."

"मी बाहेरच बसतो. लवकर आटपा."

आत शिरल्यावर आधी वास आला. फिनेलचा जुना वास, ओल्या चुन्याचा, गंजलेल्या लोखंडाचा. मग शांतता. भरलेला वॉर्ड कधी शांत नसतो, कोणी खोकतं, कोणाचा पेला पडतो, कोणीतरी कण्हतं. इथे माझ्या चपलांचा आवाज पार टोकाच्या भिंतीला लागून परत येत होता. प्लायवूडच्या फटींतून उजेडाच्या बारीक रेघा जमिनीवर पडल्या होत्या. त्यांत हळूहळू कॉटा दिसायला लागल्या. वीस कॉटा, दहा-दहाच्या दोन रांगा, गाद्या नसलेल्या, नुसत्या लोखंडी पट्ट्यांच्या. बाकी सगळं लाकडी सामान, टेबलं, कपाटं, स्टुलं, नव्या इमारतीत गेलं होतं. डाव्या रांगेत एक ते दहा. उजव्या रांगेत दारापासून वीस, एकोणीस, अठरा, असे उतरत जाऊन शेवटी टोकाला अकरा. दारापासून अकरापर्यंत चाळीस फूट. रात्रपाळीला तेवढं अंतर मी किती हजार वेळा चालले असेन, देव जाणे.

मी दारालगतच्या वीस नंबरच्या कॉटच्या पायथ्याशी उभी राहिले. तिचा पायाकडचा दांडा माझ्यापासून दोन फुटांवर होता. दाराच्या चौकटीला कॅमेरा टेकवून पहिला फोटो काढला, मुद्दामच फ्लॅश पूर्ण ठेवून. आधी चूक कुठे होते ते बघायचं आणि मग उतरवत जायचं, ही मुलीची शिकवण. स्क्रीनवर बघितलं. अपेक्षेप्रमाणे पुढचा दांडा पांढराफेक पडला होता, दोन कॉटांपलीकडे काळोख. फक्त पार टोकाला, अकराच्या जवळ, एक पांढरा डाग होता. मला वाटलं, प्लायवूडची एखादी मोठी फट असेल.

फ्लॅश अर्धा केला, शटर जरा सावकाश ठेवलं. दांडा अजून पांढराच, पण आता त्याची गोलाई दिसली. मागच्या कॉटा करड्या-करड्या उमटल्या. टोकाच्या डागालाही आकार आला होता. वरून निमुळता, मध्ये रुंद, आणि खाली तीन-चार सरळ काड्या. मी मान वर करून त्या दिशेला बघितलं. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. मोबाइलचा टॉर्च लावला. अकरा नंबरची कॉट, मागे भिंत. बस.

"आत कोणी आहे का हो?" मी बाहेर विचारलं.

"तुम्हीच आहात की, बाई," वॉचमन म्हणाला.

मी फ्लॅश पाव केला. हे सांगायला मला लाज वाटत नाही, माझा हात तेव्हाही स्थिर होता. फोटो निघाला. मी स्क्रीनवर बोटाने तो मोठा केला, अजून मोठा केला. त्या काड्या म्हणजे स्टुलाचे पाय होते. आणि त्या स्टुलावर कोणीतरी माझ्याकडे पाठ करून बसलं होतं. अंगात हॉस्पिटलचा सदरा, पाठीमागे बंद बांधलेला. मान थोडी पुढे झुकलेली. उजवा हात कॉटवर.

मी स्वतःला समजावलं. जुना कॅमेरा आहे, लेन्सवर काहीतरी असेल. पुसली. पण मी शिकलेली बाई, तिथेच चुकले. न शिकलेली असते तर किंचाळून पळाले असते आणि पुढचं माझ्या लक्षातच आलं नसतं. मी तिन्ही फोटो एकामागोमाग बघितले आणि मला एक गोष्ट दिसली. पूर्ण फ्लॅशला माझ्या पुढचा दांडा पांढराफेक होता, तेव्हा तो माणूसही पांढराफेक होता. अर्ध्याला दांड्याची गोलाई दिसली, तेव्हा त्याचा आकार दिसला. पावाला दांड्यावरच्या रंगाचे पोपडे दिसले, तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या घड्या दिसल्या. दोघं सारखेच उजळत होते आणि सारखेच उतरत होते.

चाळीस फूट म्हणजे दोन फुटांच्या वीसपट. वीसपट लांब, तर उजेड चारशेवा भाग. तिथे फ्लॅश पोचायलाच नको होता. त्याच्या शेजारची कॉट, मागची भिंत, सगळं तसं अंधुक होतं, हिशेबात होतं. फक्त तो माणूस नव्हता. तो दिसत होता चाळीस फुटांवर. पण उजेड सांगत होता की तो माझ्यापासून दोन फुटांवर आहे.

माझ्या डाव्या हाताला, अगदी जवळ, खडूचा वास आला. कापडावर खुणा करतात ना, त्या चपट्या खडूचा.

आणि मग मला कळलं... नाही, खोटं कशाला बोलू. कळलं आधीच होतं. अकरा नंबर म्हटल्यावर दुसरं कोण असणार? तरी मी फ्लॅश आठवा भाग केला आणि अजून एक फोटो काढला, खात्री करायला. आता सदऱ्याचा बंदही स्पष्ट होता. हॉस्पिटलचे बंद एका टाक्यात लटकतात, दोन धुण्यांत तुटतात. हा बंद दुहेरी शिवणीने पक्का केलेला होता, एकसारखे बारीक टाके, कसलेल्या हाताचे.

आमच्या वॉर्डात एक म्हातारे शिंपी होते, अकरा नंबरला, दोन महिने. त्यांना मागेपुढे कोणी नव्हतं. पोटात गाठ होती, पण हात गप्प बसायचे नाहीत. सगळ्या पेशंटांच्या सदऱ्यांचे बंद त्यांनी कॉटवर बसल्या बसल्या पक्के करून दिले. मला म्हणायचे, "सिस्टर, तुमचा वॉर्ड असा, आणि बंद असे? शोभत नाही." मी त्यांना सुई-दोरा मिळवून दिला होता, नियमात बसत नसताना. एका दुपारी त्यांचा श्वास बदलला. मी स्वतः स्टूल आणून ठेवलं, बसले, त्यांचा हात हातात घेतला. तेवढ्यात खाली अपघातातले जखमी आले, एकदम सात-आठ, आणि मला हाक आली. मी मावशीला डोळ्यांनी खूण केली, बस म्हणून. तिला वाटलं, मी म्हणतेय की लगेच येते. दुसरी सिस्टर दोनदा तिथून गेली. तिने स्टूल ठेवलेलं बघितलं आणि समजली की कोणीतरी बसलंय, पाणी प्यायला उठलं असेल. आमच्याकडे स्टूल दिसलं की काळजी मिटायची. मी शिकवलेली रीतच तशी होती.

वीस मिनिटांनी मी परत आले तेव्हा ते गेले होते. त्यांचा हात कॉटवरून खाली आला होता आणि रिकाम्या स्टुलाच्या फळीवर होता. बोटं पसरलेली. चाचपून बघावं तशी.

मी तो हात उचलून छातीवर ठेवला. मग नोंदवहीत लिहिलं, 'मृत्यूसमयी सिस्टर शेजारी हजर.' खाली सही केली. कोणाला काही बोलले नाही. पाच वर्षांनी मोठ्या डॉक्टरांनी माइकवर ते वाक्य म्हटलं आणि मी मान ताठ ठेवून टाळ्या घेतल्या. आता तेच पुस्तिकेत छापलं जाणार होतं, माझ्याच हातच्या फोटोखाली. जन्मभराची माझी जी काही ऐट, ती सगळी त्या एका ओळीवर उभी होती.

बाहेर ऊन होतं, माणूस होता, दार उघडं होतं. मी जाऊ शकत होते. पण सात नंबरमधून मी कधी घाबरून बाहेर पडलेले नाही, आणि त्या दिवशीही पडणार नव्हते. कॅमेरा गळ्यात अडकवला, टॉर्च बंद केला, कारण पेशंटच्या डोळ्यांवर उजेड मारायचा नसतो, आणि दोन रांगांमधून चालायला लागले.

माझ्या पावलांबरोबर अजून कोणाचीतरी पावलं होती, असं मी म्हणणार नाही. पावलं माझीच होती. पण खडूचा वास मागे राहिला नाही, माझ्या डाव्या हाताला होता तिथेच राहिला, पार अकरापर्यंत. स्टूल तिथे नव्हतं. मी जमिनीवर बसले, गुडघे कुरकुरले. उजवा हात वर करून कॉटच्या थंड पट्ट्यांवर ठेवला.

"आजोबा..." मी म्हटलं. "मी उठायला नको होतं. आणि उठले ते उठले... लिहायला नको होतं. तुम्ही एकटे गेलात. मला माहीत होतं. टाळ्या वाजल्या तेव्हाही माहीत होतं..."

थोड्या वेळाने माझ्या तळव्याखाली काहीतरी सरकलं. कोरडं, हलकं. मग ते माझ्या तळव्यात बसलं. बोटाचं टोक सुईने टोचून टोचून खरखरीत झालेलं असतं ना, तसं ते होतं. मी हात काढला नाही. भीती वाटत होती, खूप वाटत होती. पण मी तो हात धरला, जसा आम्ही धरतो तसा, नाडीवर अंगठा ठेवून. नाडी नव्हती.

वीस मिनिटं मी तशी बसले. घड्याळ दिसत नव्हतं, पण वीस मिनिटं मला मोजता येतात. शेवटी दारातून वॉचमनची हाक आली, "बाई, झालं का?" तेव्हा तळहातात काही नव्हतं. मी उठले, दारापाशी आले, आणि परत मागे वळून एक फोटो काढला. फ्लॅश आठवा भाग. पुढचा दांडा नीट, पोपड्यांसकट. मागच्या कॉटा करड्या. आणि टोकाला, अकराजवळ, तो बसलेला आकार. पण आता तो कॉटेइतकाच अंधुक होता, भिंतीइतकाच. चाळीस फुटांवरच्या वस्तूवर जेवढा उजेड पडायला हवा, तेवढाच. खडूचा वासही गेला होता. तो माणूस माझ्या शेजारून उठून जिथे दिसत होता तिथे जाऊन बसला, असा मी त्याचा अर्थ लावला.

तोच फोटो मी दिला. छापताना तो आकार इतका पुसट येतो की कोणाला दिसत नाही. आणि हेडक्लार्कला म्हटलं, ती ओळ बदला.

"कशाला सिस्टर? इतकी छान ओळ आहे. आणि आता कोण विचारतंय?"

"मी विचारतेय. लिहून घ्या. चोवीस वर्षांत या वॉर्डातून एक माणूस एकटा गेला, आणि ती चूक इन्चार्ज सिस्टरची होती. बाकी कोणीही एकटं गेलं नाही."

त्याने दोनदा विचारलं, खाली माझं नाव टाकायचं ना नक्की? मी म्हटलं, ठळक टाका. पुस्तिका निघाली. माझ्याबरोबरच्या काही जणींनी फोन बंद केले, काहींनी मुद्दाम फोन केले. मोठे डॉक्टर घरी आले आणि दारात बूट पुसून आत आले. तुम्हाला सांगते, आधीच्या ओळीपेक्षा या ओळीचा मला जास्त अभिमान आहे. आधीची कोणीही एक प्रश्न विचारून हलवू शकलं असतं. ही कोणाच्या बापाला हलत नाही.

इथे संपायला हवं होतं. मलाही तसंच वाटलं होतं.

वॉर्ड पाडून आठवडा झाला, तेव्हा रविवारी मुलगी आली. पुस्तिका वाचून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "आई, तुझा एक चांगला फोटो काढते. मला दवाखान्यात लावायचाय. पेशंटांना सांगणार, ही माझी आई." मला कोण आनंद झाला! समोरच्या खोलीत खुर्चीवर बसले, केस सारखे केले. मागे खिडकी होती म्हणून तिने पडदे ओढून घेतले. ती माझ्यापासून सहा फुटांवर उभी राहिली, फ्लॅश पाव ठेवला आणि फोटो काढला.

तिने स्क्रीनवर बघितलं. मग फ्लॅश अर्धा केला. परत काढला. परत बघितला.

"काय झालं गं?"

"काही नाही... थांब हं जरा."

तिने मेन्यूत काहीतरी केलं आणि तिसरा फोटो काढला. या वेळी इतका लख्ख उजेड पडला की माझ्या डोळ्यांपुढे हिरवं-निळं झालं. तिने बराच वेळ स्क्रीनवरून नजर उचलली नाही. मग कॅमेरा माझ्याकडे वळवून लांबूनच दाखवला. खुर्चीचे हात पांढरे पडले होते. मागचा पडदा पांढराफेक. आणि खुर्चीत मी, चाळीस फुटांवर बसल्यासारखी अंधुक, करडी, डोळे-नाक जेमतेम ओळखू येण्याइतकी.

"सगळं जळतंय, आई," ती हळूच म्हणाली, "फक्त तुझ्यापर्यंत फ्लॅश पोचत नाहीये..."

"अजून वाढव."

"पूर्णच आहे..."

मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. तो मांडीवर होता, तळवा वर, बोटं मिटलेली, अंगठा आत. मी तो उघडून बघायचा प्रयत्न केला नाही. ड्युटीवर असताना मधेच हात सोडायचा नसतो, हे मीच सगळ्यांना शिकवलंय.

"आई?" मुलगी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. तिने कॅमेरा टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे यायला निघाली. सहा फूट. तिची पावलं मला बराच वेळ ऐकू येत राहिली.